मुंबई ऑफशोअरचं पहिलं बेसिन मॉडेल: तेल तयार होण्यापासून गळून जाण्यापर्यंत

भूशास्त्रात एम.एस्सी. करून तेलक्षेत्रात आलेल्या मुलामुलींना पहिल्या वर्षातच कुणीतरी सांगतं, "या ब्लॉकचं बेसिन मॉडेल करून टाक." सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग झालेलं असतं, कुठलं बटण कुठे आहे तेही ठाऊक असतं. अडतं ते पुढे. कुठला आकडा कुठून आणायचा, कुठल्यावर विश्वास ठेवायचा आणि निकाल आला की तो खरा मानायचा का, हे मॅन्युअलमध्ये नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

बेसिन म्हणजे गाळाने भरलेला खोलगट भूभाग, ब्लॉक म्हणजे त्यातला तेलशोधासाठी आखलेला तुकडा. मॉडेल करतं काय? गाळाचे थर कधी साचले, किती खोल गेले, किती तापले, सोर्स रॉकमधल्या (ज्या खडकात तेल तयार होतं त्यातल्या) सेंद्रिय द्रव्याचं तेल आणि वायू कधी झाला, तो कुठून कुठे सरकला, कुठे अडकला आणि कुठून निसटला, याचा काळाच्या क्रमाने मांडलेला हिशेब. शेवटचा शब्द लक्षात ठेवा: निसटला. नवे लोक 'तयार झालं' आणि 'अडकलं' एवढंच बघतात. गळतीचा रकाना कोरा राहिला की हिशेब कधीच जुळत नाही, आणि जुळला तर तो ओढूनताणून जुळवलेला असतो.

उदाहरण म्हणून मी मुंबई ऑफशोअर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्राखालचं बेसिन घेतो. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' रिगने मुंबई हाय शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेव्हापासून इथे इतक्या विहिरी खोदल्या गेल्या आहेत आणि इतकं लिहिलं गेलं आहे, की मॉडेल चुकलं तर ते दाखवून द्यायला पुरावा हाताशी असतो. शिकायला असंच बेसिन हवं. ज्या खोल समुद्रात एकही विहीर नाही, तिथे कुणाचंच मॉडेल चूक ठरत नाही.

बसण्याआधी गोळा करायचं सामान

- विहिरींचे पूर्णत्व अहवाल: फॉर्मेशन टॉप्स (प्रत्येक थराच्या माथ्याची खोली), केबीची उंची (केली बुशिंग, रिगच्या फरशीजवळचा मोजणीचा बिंदू), पाण्याची खोली, डेव्हिएशन सर्व्हे (विहीर किती तिरकी गेली ते)
- बायोस्ट्रॅटिग्राफीचे अहवाल (जीवाश्मांवरून थरांची वयं इथूनच येतात)
- गॅमा, सॉनिक आणि डेन्सिटी लॉग (विहिरीत उपकरण सोडून खोलीगणिक घेतलेली मोजमापं)
- बॉटम होल टेम्परेचर (विहिरीच्या तळाचं तापमान), आणि त्यासोबत मड (खोदताना विहिरीत फिरवतात तो द्रव) फिरवणं थांबल्यापासून किती तासांनी मोजलं याची नोंद
- डीएसटीमधली (थरातला द्रव वाहू देऊन केलेल्या चाचणीतली) तापमानं, आरएफटी किंवा एमडीटी या उपकरणांनी मोजलेले थरांतले दाब, लीक-ऑफ टेस्ट (खडक किती दाबाला फाटायला लागतो ते)
- टीओसी (खडकातल्या सेंद्रिय कार्बनचं प्रमाण), रॉक-इव्हल (नमुना तापवून केलेली चाचणी), व्हिट्रिनाइट परावर्तन (कोळशासारख्या कणांची चकाकी; खडक किती तापला याची खूण)
- सापडलेल्या तेलाचं आणि वायूचं विश्लेषण: एपीआय (तेल किती हलकं), जीओआर (तेलामागे वायू किती), बायोमार्कर (तेलाचं मूळ सांगणारे रेणू), समस्थानिकं
- सिस्मिकवरचे (ध्वनिलहरींनी काढलेल्या भूगर्भाच्या चित्रावरचे) होरायझन (थरांच्या सीमा) आणि फॉल्ट (भूभ्रंश), आणि सोबत व्हेलॉसिटी मॉडेल
- समुद्रतळाची मल्टिबीम मोजणी आणि गाळाचे कोअर, मिळाले तर

कंपनीबाहेर असाल तर भारतातल्या डेटासाठी हायड्रोकार्बन महासंचालनालयाची नॅशनल डेटा रिपॉझिटरी हा सरळ रस्ता आहे. अर्ज संस्थेच्या नावाने, मार्गदर्शकाच्या पत्रासह करा, आणि लवकर करा.

सॉफ्टवेअरमध्ये पेट्रोमॉड, टेमिसफ्लो, ट्रिनिटी, बेसिनमॉड ही नावं ऐकू येतील. लायसन्स महाग असतं. विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठाकडे शैक्षणिक लायसन्स आहे का ते विचारावं. नसेल तर खचू नका. पायबॅकट्रॅक हे पायथनमधलं मोफत साधन थर मागे सोलत नेण्यासाठी चालतं, आणि इक्विनॉरने खुलं केलेलं वॉर्म्थ उष्णतेच्या इतिहासासाठी. एका विहिरीचं मॉडेल तर साध्या स्प्रेडशीटमध्येही बसतं. ते एकदा हाताने केलंच पाहिजे असं माझं मत आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"मुंबई ऑफशोअरचं मॉडेल" हा प्रश्न नव्हे. "विजयदुर्ग ग्रॅबेनमधल्या पन्ना फॉर्मेशनमधून तेल कधी बाहेर पडलं, आणि तेव्हा शेजारच्या उंचवट्यावरचे ट्रॅप तयार होते का?" हा प्रश्न आहे. (ग्रॅबेन म्हणजे खचलेला पट्टा, ट्रॅप म्हणजे तेल अडकून राहील अशी रचना.) वेळेबद्दल विचारायचं असेल तर एका बिंदूचं, म्हणजे वन-डी मॉडेल पुरतं. वाट विचारायची असेल तर टू-डी किंवा थ्री-डी लागतं. वाक्य कागदावर नसेल तर दोन महिन्यांनी तुम्ही थ्री-डी ग्रिडच्या कोपऱ्यातल्या एका फॉल्टशी झटापट करत बसाल, आणि त्या फॉल्टचा उत्तराशी काही संबंध नसेल.

याच पानावर पेट्रोलियम सिस्टिमचं नाव लिहून ठेवा. प्रघात असा आहे: आधी सोर्स रॉक, मग मुख्य रिझर्व्हॉयर (तेल साठवणारा खडक), आणि पुढे खात्रीची खूण. पन्ना–बसीन (!) याचा अर्थ, तेल आणि सोर्स रॉक यांचं नातं रासायनिक विश्लेषणाने जुळलेलं आहे. (.) म्हणजे भू-रासायनिक पुराव्यावरून तर्क केलेला, पण थेट जुळणी झालेली नाही. (?) म्हणजे निव्वळ अंदाज. ही छोटी खूण नंतरच्या बैठकीत तुम्हाला पुष्कळ वादांतून वाचवते.

२. थरांचा तक्ता: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

रकाने असे: थराचं नाव, वरची खोली, खालची खोली, साचणं सुरू झालं ते वय, संपलं ते वय, खडकाचा प्रकार, झीज झाली असेल तर किती मीटर, आणि तेव्हाची पाण्याची खोली.

मुंबई ऑफशोअरमध्ये तळाला बहुतेक ठिकाणी डेक्कन ट्रॅपचा बेसॉल्ट मिळतो, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यावर पॅलिओसीन ते अर्ली इओसीन काळातलं पन्ना फॉर्मेशन: शेल, वाळू, कोळशाचे पट्टे. आपला मुख्य सोर्स रॉक हाच. त्यावर बसीनचा चुनखडक, मग मुक्ता, हीरा. मुंबई हायवरचा प्रसिद्ध एल-३ चुनखडक मायोसीनमधला. आणि सगळ्यावर पांघरुणासारखा चिंचिणीचा चिकणमातीचा जाड थर, मिडल मायोसीनपासून आजपर्यंतचा. उत्तरेला तापी–दमण ब्लॉकमध्ये चित्र बदलतं. तिथे नद्यांनी आणलेली वाळू आणि चिखल, म्हणजे महुवा आणि दमण फॉर्मेशन. एका ब्लॉकचा तक्ता दुसऱ्या ब्लॉकला चिकटवू नका.

या तक्त्यात हमखास फसवणाऱ्या चार जागा:

*वयांची सरमिसळ.* जुन्या अहवालांत ऑलिगोसीनची सुरुवात ३६ किंवा ३८ दशलक्ष वर्षांपूर्वी धरलेली सापडेल. आज ती ३३.९ मानतात. एका विहिरीची वयं जुन्या कालमापनातून आणि दुसरीची नव्यातून घेतली, तर सॉफ्टवेअर मुकाट्याने घेईल आणि एखाद्या थराचा साचण्याचा वेग अचानक दुप्पट दिसेल. म्हणून वयाचा आकडा उचलू नका, बायोझोन (ठरावीक जीवाश्मांनी ओळखला जाणारा पट्टा) उचला आणि त्याला आजच्या कालमापनातलं वय द्या.

*केबी.* विहिरीतली खोली रिगच्या फरशीजवळून मोजलेली असते. समुद्रसपाटीपासूनची खोली हवी असेल तर केबीची उंची वजा करा, थराची खोली समुद्रतळापासून हवी असेल तर पाण्याची खोलीही.

*साचलंच नाही की साचून झिजलं?* मुंबई हायच्या माथ्याकडे जुने थर पातळ होत जातात, काही तर पोचतच नाहीत. कारण तो भाग तेव्हाही उंच होता. तिथे थर नाही म्हणून ५०० मीटर झीज टाकलीत, तर खालचा खडक उगाचच खोल जाऊन तापून येईल. सिस्मिक उघडा. थर उंचवट्याला टेकत टेकत संपत असतील तर साचलंच नाही. वरून कापल्यासारखे दिसत असतील तर झीज. सॉनिक लॉगही सांगतो: खरी झीज झालेली असेल तर शेल आजच्या खोलीच्या मानाने जास्त दाबलेलं दिसतं.

*बेसमेंट म्हणजे नेमकं काय.* विहीर बेसॉल्टमध्ये थांबली म्हणून गाळाचे खडक तिथे संपले असं नाही. कच्छ–सौराष्ट्राच्या बाजूला डेक्कन ट्रॅपखाली मेसोझोइक गाळ आहे, पण बेसॉल्टमधून सिस्मिक नीट आरपार जात नाही. मॉडेलचा तळ तुम्ही कुठे धरला आणि का, हे तक्त्याच्या खाली एका ओळीत लिहा.

३. एका विहिरीचा दफन-इतिहास

थर जसे खाली गेले तसे दाबले गेले. चिकणमाती समुद्रतळावर असते तेव्हा तिची ६० ते ७० टक्के जागा पाण्याची असते. ती खोल जाताना घातांकाने कमी होते, हा अथीचा १९३० सालचा नियम. सॉफ्टवेअर एकेक थर सोलतं, खालच्यांना फुगू देतं, आणि मूळ जाडी काढतं.

शेलसाठी हे छान चालतं. चुनखडकासाठी जपून. बसीन आणि एल-३ मधली सच्छिद्रता बरीचशी विरघळण्यामुळे आणि पुन्हा भरून येण्यामुळे ठरली आहे, नुसत्या वजनाने नाही. तयार यादीतला 'लाइमस्टोन' निवडून पुढे जाऊ नका. डेन्सिटी लॉगवरून निघालेली सच्छिद्रता मॉडेलच्या रेषेवर ठेवून बघा.

४. उष्णता

इथे नव्या लोकांचा वेळ चुकीच्या जागी जातो. डेक्कन ट्रॅपचा प्रचंड उद्रेक, मग सेशेल्स भारतापासून दूर गेलं, त्यामुळे तेव्हा किती उष्णता आली असेल यावर आठवडे घालवतात. मॅकेन्झीच्या १९७८ च्या ताणाच्या मॉडेलमध्ये बीटा (कवच किती पट ताणलं गेलं) १.४ घ्यायचा की १.८, यावर वाद रंगतात. पण विचार करा: पन्ना साचायला लागलं ते या उद्रेकानंतर. सुरुवातीची उष्णता ओसरत होती तेव्हा ते उथळच होतं. सोर्स रॉक खोल गेला तो पुढे, आणि त्यावर चिंचिणीचा भार पडला मिडल मायोसीननंतर. म्हणजे तेल कधी तयार झालं हे ठरवतात ते आजचा उष्णताप्रवाह आणि शेवटच्या दीड-दोन कोटी वर्षांतलं दफन. बीटा बदलून बघा. पन्नाच्या परिपक्वतेची रेषा फारशी हलली नाही, तर तो वाद तिथेच मिटवा.

त्यापेक्षा खडकांच्या उष्णतावाहकतेकडे बघा. उष्णताप्रवाह भागिले वाहकता म्हणजे तापमानवाढीचा दर. ६५ मिलिवॉट प्रति चौरस मीटर प्रवाह असेल आणि शेलची वाहकता १.६ धरली, तर दर किलोमीटरला जवळपास ४० अंश वाढतात. त्याच प्रवाहात २.८ वाहकतेच्या चुनखडकात २३ अंश. कोळसा तर याहून कितीतरी कमी वाहतो, ०.३ च्या आसपास. पन्नामध्ये कोळशाचे पट्टे असतील आणि तुम्ही सगळा थर 'शेल' म्हणून टाकला असेल, तर खालचं तापमान कमी येईल. मग ते भरून काढायला तुम्ही उष्णताप्रवाह वाढवाल. एक चूक लपवायला दुसरी.

मुंबई हायच्या परिसरात तापमान जगभरच्या नेहमीच्या २५–३० अंश प्रति किलोमीटरपेक्षा बऱ्यापैकी जास्त वेगाने वाढतं. कोकणात गरम पाण्याची कुंडं वज्रेश्वरीपासून तुरळ–राजवाडीपर्यंत रांगेने आहेत, पण ती कुंडं बघून समुद्रातल्या विहिरीचा उष्णताप्रवाह ठरवू नका. तिथे पाणी भेगांतून खोल जाऊन वर येतं. तो वेगळा मामला आहे.

वरच्या टोकाला समुद्रतळाचं तापमान लागतं. बहुतेक सॉफ्टवेअर ते अक्षांशावरून आपोआप काढतात. तिथे आजचा १९ अंश उत्तर अक्षांश टाकताना प्रदेश बरोबर निवडा, कारण पॅलिओसीनच्या सुरुवातीला भारतीय उपखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. शेल्फवरचं कोमट पाणी आणि खोल समुद्रातलं २ ते ४ अंशांचं पाणी यातला फरक तर सरळ तळापर्यंत उतरतो.

आणखी एक: गाळ झपाट्याने साचतो तेव्हा थंड चिखल तापायला वेळ घेतो. जलद साचलेल्या थरांसाठी स्थिर अवस्थेचं गणित वापरू नका, ट्रान्झियंट (काळानुसार बदलणारं) चालू ठेवा.

५. सोर्स रॉक

चार आकडे लागतात: जाडी, टीओसी, हायड्रोजन इंडेक्स (त्या कार्बनमधून किती तेल-वायू निघू शकतो) आणि कायनेटिक्स. जाडी म्हणजे अख्ख्या पन्नाची नव्हे, त्यातल्या सेंद्रिय शेलची आणि कोळशाची.

विहिरी उंचवट्यांवर असतात, सोर्स रॉक खोलगट भागात पिकतो. विहिरीतल्या नमुन्याचा टीओसी तसाच उचलून सुरत डिप्रेशनला लावणं ही सवय फार जुनी आहे. खोलगट भागात पर्यावरण वेगळं होतं का, हे सिस्मिकच्या पोतावरून आणि नदीमुखापासूनच्या अंतरावरून ठरवा. शिवाय पिकलेल्या खडकात मोजलेला टीओसी म्हणजे उरलेला टीओसी. मॉडेलला मूळचा लागतो, तेव्हा तो परत बांधून घ्या.

कायनेटिक्स म्हणजे केरोजेन (खडकातलं घन सेंद्रिय द्रव्य) कोणत्या तापमानाला किती वेगाने फुटतं. पन्नात जमिनीवरून आलेलं झाडोऱ्याचं द्रव्य भरपूर आहे. टाइप २ (मुख्यतः तेल देणारं) आणि ३ (मुख्यतः वायू देणारं) यांचं मिश्रण. सॉफ्टवेअरच्या यादीतलं पहिलं समुद्री टाइप २ निवडलंत, तर तेल जास्त दिसेल, वायू कमी, आणि दोन्हीची वेळही सरकेल.

आता स्प्रेडशीट उघडा आणि सॉफ्टवेअर चालवण्याआधी एवढा गुणाकार करा. क्षेत्रफळ १,००० चौरस किलोमीटर, सेंद्रिय शेल ५० मीटर, घनता २.४, टीओसी २ टक्के, आणि हायड्रोजन इंडेक्स २०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमने घटला असं धरा. उत्तर येतं ४८ कोटी टन. हे तयार झालेलं. यातलं काही सोर्स रॉकमध्येच अडकतं, काही वाटेत सांडतं, आणि ट्रॅपपर्यंत पोचून टिकतो तो सहसा लहानसा वाटा. तुमच्या ब्लॉकच्या आसपास सापडलेला साठा या आकड्याच्या निम्मा असेल, तर किचन (सोर्स रॉक पिकतो तो भाग) मोठं हवं किंवा जाड हवं. सॉफ्टवेअरच्या रंगीत नकाशावर हे लक्षात येत नाही, गुणाकारात येतं.

६. पडताळणी, आणि तीही याच क्रमाने

आधी तापमान, मग व्हिट्रिनाइट, मग टीमॅक्स (रॉक-इव्हलमध्ये सर्वाधिक द्रव्य फुटतं ते तापमान), शेवटी सापडलेलं तेल.

बॉटम होल टेम्परेचर नेहमी कमी दिसतं, कारण मडने खडक थंड केलेला असतो. एकाच खोलीवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली निदान दोन, शक्यतो तीन मोजमापं असतील तर हॉर्नर दुरुस्ती (त्यांवरून खडकाचं मूळ तापमान काढण्याची पद्धत) करा. एकच असेल तर आलेखावर ते किमान म्हणून दाखवा, मॉडेलची रेषा त्याच्या उजवीकडून जायला हवी. डीएसटीचं तापमान जास्त भरवशाचं.

व्हिट्रिनाइटसाठी बहुतेक सगळे स्वीनी आणि बर्नहॅम यांची १९९० ची ईझी-आरओ पद्धत वापरतात. परावर्तन ०.६ टक्क्याच्या आसपास असताना तेल सुरू होतं, १.३ च्या आसपास तेलाची खिडकी मिटते, पुढे वायू. पण नमुन्यांची जात तपासा. वरच्या थरातून विहिरीत ढासळलेला चुरा मूल्य खाली ओढतो. जुन्या गाळातून वाहून आलेले कण वर ढकलतात. हायड्रोजनने समृद्ध शेलमध्ये व्हिट्रिनाइट मुळातच दबलेलं दिसतं. सरासरी घेऊन मोकळे होऊ नका, प्रत्येक नमुन्याचा हिस्टोग्राम मागा. रॉक-इव्हलमध्ये एस-१ (नमुन्यात आधीच मोकळं असलेलं तेल) अचानक फुगलेला दिसला तर आधी मडमध्ये तेल होतं का ते बघा.

पडताळणी म्हणजे सगळ्या बिंदूंतून रेष नेणं नव्हे. एका विहिरीसाठी उष्णताप्रवाह ५५, शेजारच्या विहिरीसाठी ८०, असं करून दोन्ही आलेख देखणे होतात. पण दोन विहिरींमध्ये एवढा फरक पडायला खाली काय आहे, हे सांगता आलं नाही तर ती पडताळणी नाही.

७. स्थलांतर

पाण्यापेक्षा हलकं म्हणून तेल वर जातं, सीलखाली (तेल अडवणाऱ्या घट्ट खडकाखाली) पोचलं की त्याच्या उताराने माथ्याकडे सरकतं. पावसाचं पाणी कौलांवरून पन्हळीकडे जातं, तेच चित्र उलटं धरा. या कल्पनेवरची पद्धत म्हणजे फ्लोपाथ: झटपट, आणि चांगल्या वाहक थरांसाठी पुरेशी. दुसरी डार्सीची: दाब, पारगम्यता, सगळं सोडवते, पण संगणकाला दमवते. तिसरी इन्व्हेजन पर्कोलेशन: केशिकादाबाचा सगळ्यात कमी अडथळा शोधत वाट काढते. घट्ट खडकात डार्सी आणि मोकळ्यात फ्लोपाथ अशी हायब्रिड सोयही असते.

पहिल्या मॉडेलसाठी माझा सल्ला: फ्लोपाथने सुरू करा, आणि तोही आजच्या नकाशावर नव्हे. तेल निघालं त्या काळच्या नकाशावर. मुंबई ऑफशोअरमध्ये मायोसीनपासून पश्चिमेकडे बरंच झुकणं झालं आहे. आज जो उतार पूर्वेला चढतो, तो तेव्हा तितका नव्हता. कंपनीतला नकाशा आजचा असतो आणि तोच सोपा म्हणून वापरला जातो.

मुंबई हायच्या माथ्यावर पन्ना नाममात्र आहे, तरी वर एवढं तेल. म्हणजे ते भोवतालच्या खोलगट भागांतून आलं. तुमच्या मॉडेलमध्ये ते तिथे पोचत नसेल तर तीन गोष्टी तपासा: फॉल्ट बंद ठेवलेत का, वाहक थर मध्येच तुटलाय का, आणि ग्रिड इतकं जाडंभरडं आहे का की एक पातळ वाळूचा थर शेलमध्ये विरून गेला.

८. सील किती तोलतं

सीलमधली छिद्रं सूक्ष्म असतात, त्यात शिरायला तेलाला ठरावीक दाब लागतो. खालच्या तेलस्तंभाची उंची वाढली की तरंगण्याचा दाब वाढतो, आणि एका उंचीला तो सीलच्या दाबाला गाठतो. पुढचा प्रत्येक थेंब गळतो.

आकड्यात: सीलचा प्रवेशदाब १ मेगापास्कल, पाण्याची घनता १,०३० आणि तेलाची ७३० धरली, तर फरक ३००. १० लाख भागिले (३०० गुणिले ९.८१) म्हणजे सुमारे ३४० मीटरचा तेलस्तंभ तोलला जाईल. वायूची घनता १०० धरली तर तोच दाब ११० मीटरच तोलतो. वायू आणि पाण्यातला पृष्ठताण तेल–पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून वायूसाठी प्रवेशदाब थोडा वर जातो आणि फरक काहीसा भरून निघतो. पण दिशा तीच: वायूला चांगलं सील लागतं.

आता गळतीचे तीन प्रकार मॉडेलमध्ये वेगवेगळे ठेवा.

केशिकागळती, म्हणजे वर सांगितलेली: संथ, आणि तेल अगदी संपेपर्यंत नाही, तोल साधेपर्यंत.

फुटून होणारी गळती: झपाट्याने साचलेल्या गाळात पाणी अडकतं, दाब वाढतो, आणि खडक फाटण्याच्या दाबाला टेकला की सीलला भेगा पडतात. यासाठीच लीक-ऑफ टेस्ट हव्या होत्या. चिंचिणीसारखा जाड चिखल जिथे वेगाने साचला, तिथे हे बघावंच लागतं.

फॉल्टमधून गळती: इथे सॉफ्टवेअर तुम्हाला 'उघडा' किंवा 'बंद' एवढंच विचारतं. फॉल्ट हलत असताना उघडा असू शकतो, थांबल्यावर बंद. म्हणून काळ बदलत द्या. आणि एक फॉल्ट कायमचा उघडा ठेवून ट्रॅप रिकामा दाखवण्याचा मोह टाळा. कोरड्या विहिरीचं ते फार सोयीस्कर स्पष्टीकरण आहे.

ओसंडणं म्हणजे गळती नव्हे, हेही नोंदवा. ट्रॅप भरला की तेल खालच्या कडेवरून शेजारच्या उंच ट्रॅपमध्ये जातं, आणि वायू मागून येत राहिला तर तो वर बसून तेलाला बाहेर ढकलतो. म्हणजे वायूच्या ट्रॅपपलीकडे, चढाच्या दिशेला, तेल शोधण्यात अर्थ असतो. मॉडेलमध्ये 'ओसंडलं' आणि 'गळलं' हे दोन रकाने वेगळे छापून घ्या.

टिकलेल्या तेलाचंही काही खरं नसतं. रिझर्व्हॉयर ८० अंशांपेक्षा थंड असेल तर जीवाणू हलके घटक खातात आणि तेल जड होतं.

९. गळती खरंच होते का, ते समुद्रतळावर बघा

मॉडेल म्हणतं, इथून गळतं. मग खूण हवी.

सिस्मिकवर गॅस चिमणी बघा: उभा, धूसर, विस्कटलेला पट्टा, वर चकाकणारे ठिपके. वायूमुळे लहरींचा वेग कमी होतो, म्हणून चिमणीखालचे थर वेळेच्या सेक्शनवर खचल्यासारखे दिसतात. तो खरा खड्डा समजून डेप्थ कन्व्हर्शन केलंत, तर ट्रॅपचा माथाच नकाशावरून नाहीसा होईल. सराव करायचा असेल तर उत्तर समुद्रातल्या डच एफ-३ ब्लॉकचा डेटा मोफत आहे, ओपनडीटेक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, आणि त्यात चिमण्या छान दिसतात.

समुद्रतळावर पॉकमार्क, म्हणजे वायू किंवा पाणी निसटून पडलेले खळगे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर असे खळगे आणि वायूने भरलेला उथळ गाळ दोन्ही नोंदले गेले आहेत. गोव्याच्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं या विषयावर काम आहे, ते वाचा. पण खळगा दिसला की खाली तेल, असं नाही. अरबी समुद्राचा हा भाग जैविकदृष्ट्या सुपीक, चिखल सेंद्रिय द्रव्याने भरलेला. त्यातल्या जीवाणूंनी उथळ थरातच केलेला मिथेन भरपूर असतो. फरक नमुन्यातून कळतो: कार्बन समस्थानिकाचं मूल्य उणे ६० पर्मिलच्या खाली आणि मिथेन जवळपास एकटाच, तर जीवाणूंचा. उणे ५० च्या वर आणि सोबत इथेन, प्रोपेन असतील, तर खोलवरून आलेला असण्याची शक्यता मोठी. दोन्ही मिसळलेलेही असतात.

पाण्यावरचा तवंग उपग्रहाच्या रडार प्रतिमेत काळा दिसतो, कारण तेल बारीक लाटा दाबतं. सेंटिनेल-१ च्या प्रतिमा फुकट मिळतात. पावसाळ्यातल्या सोडा, वारा इतका असतो की तवंग टिकत नाही. अगदी शांत हवेतही उपयोग नाही, तेव्हा सगळंच काळं. ऑक्टोबर ते मे मधल्या मध्यम वाऱ्याच्या दिवसांच्या प्रतिमा घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवणारा तवंग शोधा. सरळ लांबलचक रेघ बहुधा जहाजाची. मुंबईसमोर टँकरची वर्दळ आणि प्लॅटफॉर्मची दाटी, त्यामुळे प्लॅटफॉर्म, पाइपलाइन आणि जहाजमार्ग यांचा नकाशा आधी खाली ठेवा.

आणि गोव्याच्या, कोकणाच्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे. दर वर्षी कुणीतरी विचारतं, ही नैसर्गिक गळती ना? डांबरगोळा वारा आणि प्रवाहाने लांबून येतो, आणि टँकरमधून सांडलेलं तेलही असाच गोळा होतं. बायोमार्कर जुळवल्याशिवाय तो तुमच्या मॉडेलचा पुरावा नाही.

१०. चालवा, बदला, लिहा

एक मॉडेल चालवून थांबू नका. उष्णताप्रवाह, टीओसी, झीज, सीलचा प्रवेशदाब यांना प्रत्येकी कमी, मध्यम, जास्त अशी मूल्यं द्या आणि एकावेळी एकच हलवा. मग मॉन्टे कार्लो (यादृच्छिक मूल्यं घेऊन अनेक रन). क्रम उलटा केला तर शेकडो रन होतात आणि उत्तर कशामुळे हललं ते कळत नाही.

अहवालात नकाशांच्या आधी एक पान ठेवा: कुठले आकडे मोजलेले, कुठले शेजारच्या विहिरीवरून घेतलेले, कुठले सॉफ्टवेअरने आपोआप भरलेले. तिसरी यादी लांब निघाली तर सादरीकरणाची तारीख पुढे ढकलून मागा. त्यानंतर हिशेबाचं पान: तयार झालं, सोर्स रॉकमध्ये राहिलं, वाटेत सांडलं, अडकलं, ओसंडलं, गळलं. बेरीज जमली पाहिजे, आणि गळलेल्याच्या रकान्यात शून्य असेल तर आठव्या पायरीवर परत जा.

फाइलच्या नावात तारीख आणि कालमापनाची आवृत्ती टाका. सहा महिन्यांनी नवी विहीर येते, टॉप्स बदलतात, आणि कुठलं मॉडेल कुठल्या तक्त्यावर चाललं होतं हे तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.